जेवणाच्या टेबलाला शेगडा

शेफील्ड, रविवार

ती. सौ. आई आणि ती. बाबा,

तुमचे चिरंजीव सुखरूप आहेत आणि त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत. फोनवर मागून खरखर ऐकू येते ती मिक्सरची, असं त्यांनी तुम्हाला सांगितलंय. ती कानशीची आहे. चिरंजीव सुऱ्या करायला लागले आहेत. घर दोन खोल्यांचं आणि बाजू दोन असल्यामुळे हा वृत्तांत सूनबाई त्रयस्थपणे लिहीत आहेत.

निम्मा दोष गावाचा. इथल्या सुरी-कात्री करणाऱ्यांची कंपनी १६२४ सालापासून चालू आहे. पूर्वी इथे 'लिटल मेस्टर' म्हणून कारागीर असत. लहानशी जागा भाड्याने घ्यायची आणि एकट्याने किंवा एखाद-दोन हाताखालच्यांना घेऊन काम करायचं. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात त्यांची माहिती वाचून चिरंजीव म्हणाले, "त्यांना एक खोली पुरायची, आपल्याकडे दोन आहेत." त्यांच्या खोलीत नातीचा अभ्यास आणि वाळत घातलेले कपडे नसत, हे सूनबाईंनी तिथल्या तिथे निदर्शनास आणून दिलं.

बाबा, ऐरण आणि घण डोळ्यांसमोर आणू नका. पहिल्या मजल्यावर घण चालवला तर खालचे शेजारी वर येतील. ही घासून काढलेली सुरी असते. गेज प्लेट नावाची, सुमारे एक टक्का कार्बन असलेली पोलादाची सपाट पट्टी मिळते. साधारण तीन मिलिमीटर जाडीची पट्टी घ्यायची, तिच्यावर आकार आखायचा, करवतीने कापायचा आणि पुढे कानस, कानस, कानस. पट्टी पकडायचा शेगडा लाकडी फळीवर बसवलाय, ती फळी जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळलीय. त्यामुळे चौथ्या बाजूला आता पाहुणा बसत नाही.

ग्राइंडर मात्र घरात येणार नाही. इथे सूनबाईंच्या बाजूने इतिहास उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे धार लावणारे कामगार दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत भरून तरुणपणीच दगावत. म्हणून पॉलिश पेपर ओला करूनच घासायचा आणि तोंडाला मास्क लावायचा, असा घरचा कायदा झाला. लोखंडाचा कीस उचलायचं काम नातीकडे आहे: प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून टेबलावरून फिरवायचा, मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढायचा. कीस आत राहतो. एवढ्या आवडीने तिने घरातलं दुसरं कुठलंही काम केलेलं नाही.

पात्याला पाणी द्यायला चिरंजीव मित्राच्या परसात जातात, कारण आमच्या घरात टोस्ट करपला तरी धुराचा अलार्म बोंबलतो. तिथे विटांच्या छोट्या भट्टीत पातं लाल करतात. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्यानंतर आणखी थोडं, ८०० च्या आसपास तापवून, कोमट तेलात बुडवायचं. आता ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन-दोन तास, दोनदा. नानकटाईचा नंबर त्यानंतर.

खरी अडचण जाण्यायेण्याची. सबळ कारणाशिवाय रस्त्यात सुरी बाळगणं इथे गुन्हा आहे. तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, उघडल्यावर अडकून न राहणारा घडीचा चाकू तेवढा चालतो. चिरंजीवांकडे सबळ कारण आहे. तरी ते पातं वर्तमानपत्रात, मग टॉवेलात, मग डब्यात, मग पिशवीच्या तळाशी ठेवतात आणि चेहरा इतका निष्पाप करतात की पोलिसाला नसला तरी संशय यावा.

आई, तुम्ही विचाराल की स्टेनलेस का नाही? हॅरी ब्रिअर्लींनी १९१३ साली स्टेनलेस पोलाद याच गावात काढलं, आणि चिरंजीव याच गावात गंजणारी सुरी करतात! पण स्टेनलेस कडक करायला हजार अंशांहून जास्त तापमान नेमकं धरून ठेवावं लागतं. ते विटांच्या भट्टीला जमत नाही. ब्रिअर्लींनाही सुरुवातीला टोमणे ऐकावे लागले होते, न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावला म्हणून. आमची सुरी कापते. टोमॅटो चिरून लगेच पुसली नाही तर काळी पडते, एवढंच.

बाबांना आवडेल अशी एक गोष्ट. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे 'वूट्झ' पोलादावर निबंध वाचला, आणि मथळ्यात ते मुंबईला बनतं असं म्हटलं. पण भट्ट्या होत्या दक्षिण भारतात. मुंबईहून फक्त नमुने गेले होते. पुढे लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेंनी स्टोडार्ट नावाच्या सुरीवाल्याबरोबर त्यावर प्रयोग केले. तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, चिरंजीव स्वतःला फॅरडेंच्या परंपरेत धरतात.

एक विनंती. मुठीसाठी माळ्यावरचा शिसवाचा ठोकळा पाठवू नका. शिसव डालबर्जिया वंशातला, आणि त्या लाकडाच्या निर्यातीवर २०१७ पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. परवान्याशिवाय ठोकळा अडकेल. त्याऐवजी आईंनी कागदावर उजवा पंजा ठेवून पेन्सिलीने आखून पाठवावा. मुठीचं माप त्यावरून घेता येईल.

सूनबाई

ता. क. लाकडाच्या शोधात चिरंजीव आता पोळपाटाकडे बघू लागले आहेत. त्याला कुलपात ठेवलंय.