आमचा निऑन गुलाबी आहे

डोळ्यांवर पट्टी बांधून तुम्हाला एखाद्या को-वर्किंगमध्ये नेलं आणि आत गेल्यावर पट्टी सोडली, तर आपण बाणेरला आहोत, अंधेरीला की बेंगळुरूच्या कोरमंगलात, हे सांगणाऱ्याला मी पदरचा वडापाव देईन. भिंतीवर प्लॅस्टिकचं गवत, गवतावर निऑनमध्ये इंग्रजी उपदेश, छताचे पाइप मुद्दाम उघडे. कोपऱ्यात बीनबॅग, जिच्यात माणूस बसू शकतो, पण चारचौघांत उठू शकत नाही. आणि एक फूसबॉलचं टेबल, ज्यावर डिलिव्हरीची पार्सलं ठेवतात. माहितीपत्रक मात्र छातीठोकपणे सांगतं, आम्ही इतरांसारखे नाही. आम्ही नुसती जागा देत नाही, कम्युनिटी देतो.

ही कम्युनिटी दर शुक्रवारी साडेचारला भेटते. कम्युनिटी मॅनेजर या हुद्द्याची एक हसतमुख मुलगी समोशांचा ट्रे पँट्रीच्या ओट्यावर ठेवते आणि ग्रुपवर मेसेज टाकते. मिनिटाभरात गर्दी. हेडफोन कोणी काढत नाही. एकजण खुणेनेच चटणी विचारतो, दुसरा टिश्यूत दोन समोसे गुंडाळून सीटवर परततो आणि पाचव्या मिनिटाला ट्रेमध्ये फक्त तळलेल्या मिरच्या उरतात. महिन्याच्या अहवालात याची नोंद ‘नेटवर्किंग इव्हेंट’ अशी होते.

या विद्येचं गुरुकुल न्यूयॉर्कचं. अ‍ॅडम न्यूमन आणि मिगेल मॅकेल्वी यांनी 2010मध्ये वीवर्क काढली. धंदा कुठल्याही चाळमालकाला कळेल असा होता. मजले वर्षानुवर्षांच्या करारावर घ्यायचे, तुकडे पाडायचे आणि महिन्याच्या बोलीवर द्यायचे. पण एवढंच सांगितलं तर 47 अब्ज डॉलरचं मूल्यांकन कोण देणार? जानेवारी 2019मध्ये ते मिळालं. त्याच वर्षी शेअर बाजारात उतरण्यासाठी दाखल केलेल्या दस्तऐवजाला चक्क अर्पणपत्रिका होती, सामूहिक ‘वी’च्या ऊर्जेला वाहिलेली. जगाची जाणीव उंचावणं हे कंपनीचं ध्येय असल्याचंही त्यात लिहिलं होतं. कंपनीचं नाव बदलून ‘द वी कंपनी’ केलं, तेव्हा त्या ‘वी’च्या ट्रेडमार्कपोटी संस्थापकांच्याच संस्थेला सुमारे 59 लाख डॉलर मोजले गेले. स्वतःच्या कंपनीला सर्वनाम विकायचं, याला म्हणतात ब्रँडिंग! बोंब झाल्यावर ते परत केले, तो भाग वेगळा. सप्टेंबरात इश्यू गुंडाळला आणि नोव्हेंबर 2023मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. जगाची जाणीव कितपत उंचावली कळलं नाही, भाडं मात्र डोईजड झालं.

आता यात निऑनचा दोष किती? याच धंद्यातली रीगस 1989मध्ये ब्रसेल्समध्ये सुरू झाली. करडे गालिचे, करड्या खुर्च्या, ऊर्जा वगैरे काही नाही. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर तिच्या अमेरिकी शाखेनेही 2003मध्ये दिवाळखोरीचाच अर्ज केला होता. म्हणजे भाड्याचं गणित चुकलं की रंगीत आणि करडे एकाच दारात उभे राहतात.

आपल्याकडचे लोक हिशेबाला पक्के निघाले. इंग्रजी स्पेलिंग मोडून ब्रँड झालेली ‘ऑफिस’ ही कंपनी (डोळ्याला वेगळी, कानाला तीच) मे 2024मध्ये बाजारात आली. तिने बऱ्याच ठिकाणी फर्निचरच्या खर्चात जागामालकालाच ओढलं आणि बदल्यात कमाईत वाटा दिला. जागा रिकामी राहिली तर दोघांनी मिळून सुस्कारे सोडायचे. वेगळेपण असावं तर असं, फक्त त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकता येत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. या धंद्यातला मोठा पैसा आज लॅपटॉप घेऊन एकटा येणाऱ्या फ्रीलान्सरकडे नाही, शेकडो सीट एकदम उचलणाऱ्या कंपन्यांकडे आहे. त्यांना मॅनेज्ड ऑफिस हवं असतं. रंग त्यांचा, लोगो त्यांचा, दारावरचं कार्डही त्यांचं. चालवणाऱ्याचं नाव शोधायला लिफ्टमधली नोटीस वाचावी लागते. ब्रँड वेगळा दिसावा म्हणून एजन्सीला लाखो मोजायचे आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक मिळालं की पहिल्याच दिवशी तो ब्रँड खरवडून काढायचा!

त्याहून सोयीचं गिऱ्हाईक व्हर्च्युअल ऑफिसवालं. त्याला जीएसटी नोंदणीसाठी पत्ता हवा असतो, खुर्ची नको. रिसेप्शनमागच्या भिंतीवर अशा कंपन्यांच्या छोट्या छोट्या पाट्या लागलेल्या असतात. एक्स्पोर्ट्स, इन्फ्रा, ग्लोबल सोल्युशन्स. सगळे एका पत्त्यावर गुण्यागोविंदाने नांदतात आणि समोसाही मागत नाहीत.

ओळखीतल्या एका बांधकामवाल्याच्या मुलाने भाडेकरू मिळेना म्हणून रिकाम्या मजल्यावर को-वर्किंग काढलंय. परवा एजन्सीचं प्रेझेंटेशन घेऊन आला. “काका, कॉम्पिटिशन फार आहे, डिफरन्शिएट व्हायचंय.” पन्नास-साठ स्लाइडींचं सार असं, की समोरच्या को-वर्किंगचा निऑन निळा आहे, आपला गुलाबी ठेवू.

मी म्हटलं, अरे, गिऱ्हाईक कशाला वैतागतं ते बघ. संध्याकाळी सातला एसी बंद, पुढे तासावर बिल. मीटिंग रूमचे क्रेडिट दहा तारखेला संपतात. फोन बूथ काचेचा, पण आवाज अडवत नाही. परवा आत एकाला नोकरीवरून काढत होते आणि बाहेर कॉफीच्या रांगेला नोटीस पिरियडसकट सगळं कळलं. टू-व्हीलर लावायला शेजारच्या गल्लीत जावं लागतं. यातलं एक जरी नीट केलंस तरी तू वेगळा.

तो मान डोलावत फोनमध्ये टिपून घेत होता. मला चेव आला. म्हटलं, आणि बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी लाव, ‘जागा सोडल्यावर पंधरा दिवसांत डिपॉझिट परत. रंगकामाच्या नावाखाली कापणार नाही.’

त्याचं टिपणं थांबलं.

“काका, डिफरन्शिएट व्हायचंय, पण इतकं नाही.”