सोलो, पण डब्यासकट

इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट त्यांना कुणी मागितलं नसावं. आमच्या मोटारवेड्या इंदुरी भियाला मात्र युरोपात एकट्याने गाडी फिरवायला शेंगेन व्हिसा हवा, ३०,००० युरोंचा विमा हवा, आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिटही हवं. तिथल्या स्टेल्व्हिओ घाटाची उत्तरेकडची ४८ वळणं त्याने नकाशावर बोट फिरवून पाठ केलीत. रस्त्याच्या उजवीकडून चालवायची धास्ती? छे! राजवाड्यापाशी तो दोन्हीकडून चालवतो. ‘सोलो’ म्हणून बांधलेल्या बॅगेत शेव आणि जिरावणाचा डबा गेलाच आहे. आता मामेसासरे विचारताहेत, “जावईबापू, मागची सीट रिकामीच ना?”