मासा बोटीचा

'पकडलेला मासा बोटीच्या मालकीचा राहील.'

एवढी एकच ओळ. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्लॅक रिव्हरला जायचं, अर्ध्या दिवसासाठी खासगी बोट घ्यायची, सहकुटुंब मासे पकडायचे, त्याचे चाळीसेक हजार रुपये आगाऊ मोजायचे, आणि पावतीच्या तळाशी भिंग लावून वाचावी अशा अक्षरांत ही ओळ. आमच्या साडूंनी ती वाचली नव्हती. भाजीवाल्याच्या काट्यावरचा आकडा वाकून वाचणारा माणूस परदेशात छापील इंग्रजी दिसलं की 'ओके, ओके' करत सही ठोकतो. तशी ठोकली. आता परत आल्यापासून जो भेटेल त्याला ते एकच सांगतायत : मासा मी पकडला, पैसे मी भरले आणि मासा त्यांनी ठेवून घेतला. मला तर फर्मानच निघालंय. "तुम्ही लिहिता ना? मग यावर लिहा. लोकांना कळू दे."

साडूंची बाजू आधी मांडतो, म्हणजे घरात शांतता राहील.

सकाळी सहाला हॉटेलातून निघाले. साडू, मेव्हणी, दोन मुलं आणि आमच्या (म्हणजे त्यांच्याही) सासूबाई. दिवस गुरुवारचा. सासूबाईंचा उपास, म्हणून बरोबर डझनभर केळी. बोटीवरच्या खलाशानं केळी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. गळानं मासेमारी करणाऱ्या बोटींवर केळं अपशकुनी मानतात, हा जगभरचा समज. त्यानं हातवारे करून केळी धक्क्यावरच ठेवायला सांगितली. सासूबाईंनी हातवाऱ्यांनीच नकार दिला. शेवटी केळी बोटीवर आली, ती कप्तानाच्या नजरेआड, पदराखाली.

जाहिरातीत मार्लिन होता. माणसापेक्षा लांब, भाल्यासारखं नाक, निळाशार. मॉरिशसचं त्यासाठी नावच आहे. प्रवाळाची रांग ओलांडली की थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम शेकडो मीटर खोल जातो, त्यामुळे खोल पाण्यातले मोठे मासे किनाऱ्याजवळ येतात. फक्त मार्लिनचा खरा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात. मार्लिनला आपल्या शाळांचं वेळापत्रक कोणी कळवलेलं नाही.

पुढचे चार तास कुटुंबानं काय केलं, तर बसलं. या मासेमारीत बोट सात-आठ नॉट वेगानं चालत राहते, दोन्ही बाजूंना लांब काठ्या फाकवलेल्या असतात, त्यांवरून मागे दोऱ्या सोडलेल्या आणि दोऱ्यांच्या टोकाला रंगीत प्लास्टिकच्या झालरीचं खोटं आमिष. माशाला आमिष म्हणजे मासा वाटावा, अशी योजना. थोरल्यानं पहिल्या तासात नाश्ता परत केला, धाकटीनं दुसऱ्या तासात. मेव्हणीनं गोळी घेतली होती, म्हणून ती नुसतीच झोपली. सासूबाई मात्र शेवटपर्यंत ताठ. उपासाच्या पोटात ढवळायला काही नसतं.

आणि मग रीळ किंचाळलं. खलाशानं झेप घेतली, काठी उपसली, दोरी ताणली, गळ पक्का बसल्याची खात्री केली, आणि ती काठी आणून खुर्चीत पट्ट्यानं बांधलेल्या साडूंच्या हातात दिली. त्या खुर्चीला तिकडे 'फायटिंग चेअर' म्हणतात. साडू दहा मिनिटं लढले. खलाशी मागून खुर्ची वळवत होता, कप्तान बोट मागेपुढे घेत होता, साडू रीळ फिरवत होते. मासा बोटीशी आला तेव्हा खलाशानंच आकडा मारून वर घेतला. बोनिटो. अडीचेक किलोचा.

मग फोटो. साडू आणि मासा. साडू, मेव्हणी आणि मासा. थोरला आणि मासा (दोघांचाही रंग सारखाच). धाकटी आणि मासा, पण मासा खलाशाच्या हातात. सासूबाईंनी गुरुवार असल्यामुळे माशाकडे पाठ करून फोटो काढला. सगळ्या फोटोंत साडूंचे हात पूर्ण ताठ, मासा कॅमेऱ्याच्या तोंडाशी, त्यामुळे तो पंधरा किलोचा दिसतो आणि मागे साडू इयत्ता चौथीत असल्यासारखे. शेवटचा फोटो झाल्यावर खलाशानं मासा घेतला, बर्फाच्या पेटीत टाकला आणि झाकण लावलं.

ते झाकण साडूंच्या छातीवर पडलंय. अजून उठलेलं नाही.

आता कायद्याचा मुद्दा पाहू. बोट त्यांची. काठी त्यांची, रीळ त्यांचं, दोरी त्यांची, गळ त्यांचा. आमिष प्लास्टिकचं, तेही त्यांचंच, आणि ते पुन्हा वापरायचं असल्यामुळे माशाला देखील मिळालं नाही. मासा कुठे असेल हे ओळखणारा कप्तान त्यांचा. खुर्ची त्यांची. समुद्र मॉरिशसचा. मासा, आत येईपर्यंत, स्वतःचा. साडूंचं यात काय होतं? दहा मिनिटांचा उजवा हात आणि सांडलेला नाश्ता. नाश्त्यावर बोटीनं मालकी सांगितली नाही, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. उलट तो धुवायला बादली दिली.

पण साडूंचा युक्तिवाद वेगळा आहे. मंगल कार्यालयात आपण ताटाचा दर ठरवतो, सगळ्या ताटांचे पैसे मोजतो आणि रात्री उरलेली जिलबी केटरर टेम्पोत भरून घेऊन जातो, तेव्हा वधूपिता जसा दारात आडवा होतो, तसं त्यांना धक्क्यावर आडवं व्हायचं होतं. जिलबी माझी आहे! ती खाऊन संपवायची माझी ताकद नाही, घरी फ्रीजमध्ये जागा नाही, उद्या ती कडक होणार आहे, कामवाल्या बाईंनाही नको असणार आहे, पण जिलबी माझी आहे! केटरर म्हणतो, दर ताटाचा होता, कढईचा नव्हता. हा वाद महाराष्ट्रात लग्नं होत राहतील तोवर चालेल आणि त्याचा निकाल लागणार नाही, कारण दोघांचंही बरोबर आहे. साडूंनी तोच वाद हिंदी महासागरात नेला. कप्तानाला क्रिओल येत होती, फ्रेंच येत होती, इंग्रजी बेताची. साडू आधी इंग्रजीत बोलले, मग हिंदीत, मग चिडल्यावर मराठीत. मॉरिशसमध्ये कोकणातून दीड-दोनशे वर्षांपूर्वी मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज आहेत, तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे मागे दोरी गुंडाळत बसलेल्या पोराला साडूंचं नेमकं किती कळलं, ते सांगता येत नाही. तो हसत होता एवढं खरं.

मी साडूंना साधा प्रश्न विचारला. मासा मिळाला असता तर काय केलं असतं?

हॉटेलच्या खोलीत चूल नाही. हॉटेलच्या आचाऱ्याला दिला असता म्हणावं, तर गुरुवार. घरात गुरुवारी मासा शिजत नाही आणि सासूबाई बरोबर असताना हॉटेलातही शिजत नाही. शुक्रवारी सकाळी विमान. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी बोनिटो म्हणजे कोण, तर आपल्याकडच्या कुप्प्याचा सख्खा भाऊबंद. लालभडक, काळपट मांसाचा. बाजारात कोळीण कुप्पा घ्या म्हणाली तर साडू एक पाऊल मागे सरतात. त्यांच्या घरात गेल्या वीस वर्षांत कुप्पा शिरलेला नाही. पापलेट, सुरमई, नाइलाजानं बांगडा, संपलं.

"प्रश्न खाण्याचा नाही," साडू म्हणाले. "प्रश्न हक्काचा आहे."

वास्तविक तिकडे हा रिवाज जुना आहे. पकडलेला मासा बोटीचा. कप्तान खुशीत असला तर एखादा तुकडा कापून देतो. मासा विकून आलेला पैसा बोटीच्या हिशेबात धरलेला असतो. मार्लिन मिळाला तर तो धुरी देऊन, पातळ काप करून विकला जातो. मॉरिशसच्या हॉटेलांत स्मोक्ड मार्लिन पाहुण्यांपुढे मानानं ठेवतात. साडूंनी तो पहिल्या रात्री तीन वेळा घेतला होता. कोणत्या तरी पाहुण्यानं दहा मिनिटं लढून पकडलेला आणि धक्क्यावर हक्क सोडलेला. त्या पाहुण्याला त्यांनी बशीतून काही परत पाठवलं नाही.

आता ज्यामुळे माझं डोकं फिरलं, ते सांगतो. हे सगळं ऐकवून झाल्यावर साडू म्हणाले, "पण एक गोष्ट मानली पाहिजे हं. तिकडे बरेच जण मार्लिन पकडला की खूण लावून परत समुद्रात सोडतात. आपल्याकडे ही जाणीवच नाही."

जाणीव! हाच गृहस्थ दर रविवारी बाजारात कोळणीसमोर उकिडवा बसतो, पापलेटाचा कल्ला उचलून पाहतो आणि म्हणतो, "मावशी, मोठा नको, ताटात अख्खा मावेल असा दे." ताटात अख्खा मावणारा म्हणजे केवढा? पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच सुमारास कोणता मासा किती लांबीच्या आत पकडायचा नाही, याची चोपन्न जातींची यादी निघाली. पापलेटाची किमान लांबी १३५ मिलिमीटर. तुमच्या खिशातला मोबाइल काढा. पापलेट त्याहूनही तोकडं असेल तर ते घेऊ नका, एवढंच म्हणणं होतं. बाजारात आजही तळहातावर दोन मावतील अशी पापलेटं वाट्यावर लागतात आणि ती घेणारे तुम्ही, आम्ही, साडू. ती पोरं आहेत. त्यांनी अजून अंडी घातलेली नाहीत. ज्यांना अंडी आहेत, त्यांच्याकडे आपण गाबोळी आहे का म्हणून मुद्दाम पाहतो, आणि असेल तर चार पैसे जास्त देतो. राज्यफुलाच्या कळ्या कोणी तळून खाल्ल्या तर मोर्चा निघेल. राज्यमाशाची पोरं रव्यात घोळवून तव्यावर टाकतो आणि वर लिंबू पिळतो. मग सात समुद्रांपलीकडे जाऊन, न मिळालेल्या मार्लिनला न सोडल्याबद्दल हळहळतो. आणि त्या कोळणीशी पन्नास रुपयांसाठी जो तमाशा करतो! चाळीस हजार मोजताना एक शब्द नाही, कारण तिथे पावती छापील होती. मावशीकडे पावती नाही, तिच्याकडे फक्त पहाटे तीनला उठून धक्क्यावर लिलावात घेतलेला माल आहे, म्हणून तिला घासून घ्यायचं, आणि वर दोन बोंबील फुकट टाकायला सांगायचं. तिचा मासा मात्र पैसे दिले की आपला होतो. पिशवीत घालून देते. साफ करून, तुकडे करून. झाकण लावत नाही.

आणि हक्काचंच बोलायचं तर मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना साडू माझ्या शेजारी उभे होते. पहाटेची वेळ, अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना माणसांची रांग, दोरी कमरेला अडकवून मागे मागे सरकत ओढायची. रापणीचा हिशेब पिढ्यानपिढ्यांचा : होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. येणाऱ्याजाणाऱ्यानं दोरीला हात लावला तर त्यालाही जाताना मूठभर मासळी मिळते. पर्ससीनच्या बोटींनी समुद्र उपसायला घेतल्यापासून त्या जाळ्यात कितीतरी वेळा केरकचराच जास्त येतो, तरी मूठ चुकत नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी साडूंना हाक मारली होती, "येवा, हात लावा!" साडूंनी व्हिडिओ काढायचा असल्याचं सांगितलं. दोरी ओली होती, वाळूनं भरलेली, आणि हाताला वास राहतो. फुकट मासा, हक्काचा वाटा, पावती नाही, बारीक अक्षरं नाहीत. तो नको होता.

हे सगळं मी साडूंना बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सासूबाई मध्ये म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, गुरुवारी जाऊ नका म्हणून." मेव्हणीचं मत पडलं की दोष केळ्यांचा.

साडूंनी मात्र धडा घेतलाय. पुढच्या मे महिन्यात मालदीव. त्यांनी यंदा अटी आधी वाचल्यात, ओळ न् ओळ, वाकून. तिथे संध्याकाळी बोटीनं नेतात, मासा पकडायला देतात आणि मासा पकडणाऱ्याचा. रिसॉर्टवाले तो रात्री भाजून ताटातही वाढतात. भाजणावळ वेगळी, डॉलरमध्ये, माणशी.

वार त्यांनी अजून पाहिलेला नाही.