निर्जळी

मेलबर्नच्या घरात डिशवॉशरने निर्जळी धरली तेव्हा प्रस्तुत लेखकाला मनातून आनंदच झाला. ऑस्ट्रेलियात ट्रेडीपुढे, म्हणजे प्लंबर-इलेक्ट्रिशियनपुढे, इंजिनिअरला कोण विचारतो? पुण्याच्या पदवीला हात दाखवायची अशी संधी पुन्हा कधी येणार!

"सरळ माणूस बोलव," पत्नी म्हणाली. लेखकाने तिला सोलेनॉइड व्हॉल्व्ह समजावून सांगितला.

तपासणी शास्त्रशुद्ध झाली. सिंकखालचा नळ उघडाच होता, नळी कुठे मुडपलेली नव्हती. नळ बंद करून नळी सोडवली, तिच्या तोंडाची जाळी टूथब्रशने घासली. मेलबर्नचं पाणी मऊ, त्यामुळे क्षारही नव्हते. वायरिंगला मात्र हात लावला नाही. परवान्याशिवाय ते काम इथे बेकायदा, आणि शॉक बसण्याची शक्यता असली की लेखक फार कायदाप्रेमी होतो.

तसं पाण्याचं दुर्भिक्ष पुणेकराला कुणी शिकवू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. पूर ओसरला तेव्हा शहरभर चिखल आणि नळाला थेंब नाही. आई तेव्हा शाळेत होती. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आली तरी बाथरूममध्ये एक बादली ती भरूनच ठेवते. मेलबर्नलाही हसायचं कारण नाही: मोठ्या दुष्काळात, २००८ साली, माणशी रोज १५५ लिटरमध्ये भागवा असं इथल्या सरकारने सांगितलं होतं.

असो. दोष निघाला फ्लोटमध्ये. पाणी पुरेसं झालं की तळातला हा प्लास्टिकचा तुकडा वर उचलला जातो आणि व्हॉल्व्ह बंद होतो. त्याच्याखाली कढीपत्त्याचा देठ अडकला होता. आतून ठणठणीत कोरडं यंत्र स्वतःला तुडुंब समजत होतं. लेखकाला ते एकदम जवळचं वाटलं.

यंत्र बंद होतं तेवढे दिवस आई सिंकपाशी गुणगुणत उभी असायची. चार बेडरूम, दोन गाड्या, आणि तिच्या हाताला एवढंसं काम नाही. "तुम्ही बसा हो" ऐकून ऐकून ती विटली होती.

पाणी भरल्याचा आवाज आला तशी ती गप्प झाली. मग लेखकाने रसायनशास्त्र काढलं: डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी, तिने ॲल्युमिनियम काळं पडतं; गरम पाण्यात लोखंडी तवा गंजतो, लाकडी पोळपाट तडकतो. आईने लगेच हिंडालियमची कढई, तवा, पोळपाट-लाटणं आपल्याकडे ओढलं.

"कुकरही ॲल्युमिनियमचाच ना रे?"

कुकर स्टीलचा होता. "हो," इंजिनिअर म्हणाला.