गोट्यांचा समुद्र

आमचा रायगड जिल्हा समुद्राचा, पण कर्जत आणि खालापूर हे तालुके डोंगराचे. वाटणीच्या वेळी अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या थोरल्यांनी किनारा उचलला आणि धाकट्यांच्या वाट्याला बोरघाट आला, असा एकूण प्रकार. जिल्ह्याचं ठाणं मात्र अलिबागला. म्हणजे आम्हाला समुद्र नसला तरी आमचा कलेक्टर समुद्रावर बसतो. कर्जतचा माणूस अलिबागला जातो तो बगलेत सातबाऱ्याची पिशवी मारून. कुठल्याशा कचेरीत 'जेवणानंतर या' असं ऐकलं की तो वेळ काढायला किनाऱ्यावर येतो आणि कुलाबा किल्ल्याकडे बघत भेळ खातो. माझ्या लेखी समुद्र म्हणजे साहेब जागेवर नसणं.

अशा घरातल्या मुलीने गेल्या दिवाळीत जाहीर केलं, "मी परदेशात इंग्रजी शिकायला जाणार. आणि शहर समुद्रकाठचंच हवं."

ती आमच्याकडच्याच एका रिसॉर्टच्या काउंटरवर बसायची. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात, गरम पाण्यापासून वायफायपर्यंत सगळं इंग्रजीत मागतात आणि नाही मिळालं की हिंदीत भांडतात. इंग्रजी सुधारायला हवं, हे मला पटलं. "पण त्याला समुद्र कशाला?" मी विचारलं.

"मुंबईचे लोक दारातला समुद्र टाकून आपल्याकडे चिखलात भिजायला येतात, त्यांना विचारता का कधी?"

यावर उत्तर नव्हतं. तरी मी माथेरानचा दाखला दिला. माथेरान आमच्याच तालुक्यातलं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली तिथे चढून गेले आणि मागोमाग सगळ्या कड्यांना लुईझा, पॅनोरमा, एको अशी नावं पडली. तिथला घोडेवाला शाळेत न जाता साहेबाला एवढं इंग्रजी ऐकवतो, की साहेब घोड्यावरून उतरेपर्यंत भाव दुप्पट झालेला असतो. समुद्रकाठी राहून माणूस हुशार होतो, याला तर काहीच पुरावा नाही. 'अलीबाग से आया है क्या' असं सगळी मुंबई उगाच म्हणत नाही! हे म्हणणं बंद करा, अशी याचिका एका अलिबागकराने उच्च न्यायालयात केली होती. २०१९ साली कोर्टाने ती फेटाळली. म्हणजे निकालही आमच्या बाजूने.

मुलीने ऐकून घेतलं आणि लॅपटॉप उघडला.

मग घरात समुद्रांची पाहणी सुरू झाली. पूर्वी स्थळं बघायचे तशी. खोपोलीच्या काकांचा कौल माल्टाला. "दीडशे वर्षं इंग्रजांनी राज्य केलेलं बेट. १९६४ साली स्वतंत्र झालं, तरी इंग्रजी अजून राजभाषा. शिवाय ऊन!" रायगड जिल्हा ७,१५२ चौरस किलोमीटर आणि अख्खा माल्टा देश ३१६. एका जिल्ह्यात बावीस माल्टा मावतात, हे मी कागदावर करून दाखवलं. "पण समुद्र चारी बाजूंनी," काका म्हणाले. तिथली माणसं घरात मात्र माल्टी बोलतात, अरबीच्या वळणाची. आईने तेवढंच धरलं. "इंग्रजी शिकायला पाठवायची आणि अरबी शिकून यायची!"

लंडनच्या वेम्बलीहून मामेसासऱ्यांचा फोन आला, आमच्याकडेच राहू दे. समुद्र नाही, पण शेजारी सगळे आपले. मुलगी म्हणाली, तिथे माझं गुजराती सुधारेल. बोर्नमथला अकरा किलोमीटर रेतीचा किनारा आहे म्हणून ते नाव दोन दिवस पुढे होतं. पण आईला उच्चारता येईना, आणि जे गाव शेजारणीला सांगता येत नाही तिथे नातीला पाठवून उपयोग काय?

इंग्लंडच्या किनाऱ्यावर इंग्रजीच्या एवढ्या शाळा का, याचं मला कुतूहल होतं. शोधल्यावर कळलं ते असं. पूर्वी तिथला कामगार उन्हाळ्यात आठवडाभर समुद्रावर जायचा, आणि त्याच्यासाठी गावोगाव खाणावळवजा घरं होती. साठ-सत्तरच्या दशकात स्पेनची विमानं स्वस्त झाली, लोक तिकडच्या उन्हात गेले आणि खोल्या ओस पडल्या. त्या खोल्या भरायला परदेशी विद्यार्थी सोयीचे पडले. हे वाचून मला आमची फार्महाउसं आठवली. सोमवार ते शुक्रवार रिकामी, आणि वॉचमन अंगणात एकटा मोबाइल बघतोय. तिथे मराठीचे वर्ग काढावेत, असं मी सुचवलं. कोणी दखल घेतली नाही.

शेवटी ब्रायटन ठरलं, आणि तेही तेलामुळे. पाटण्याचा शेख दीन महंमद १७९४ साली इंग्रजीत पुस्तक छापणारा पहिला भारतीय ठरला. पुढे हाच गृहस्थ ब्रायटनला जाऊन हमामखाना काढून बसला आणि राजघराण्याची चंपी करू लागला. 'शाम्पू' हा शब्दच मुळात आपल्या चंपीवरून गेलेला. आई एकदम उठून बसली. "म्हणजे तिथे डोक्याला तेल लावायची पद्धत आहे तर!" पद्धत दोनशे वर्षांपूर्वीची होती, हे तिला कोणी सांगितलं नाही.

व्हिसा अकरा महिन्यांचा. आपल्याकडे भाडेकरार असतो तसाच. बारावा महिना राहिलात तर मालक व्हाल, ही भीती साहेबालाही आहे म्हणायची. इंग्रजी येत नाही म्हणून तिकडे जायचं, तर त्याचा अर्ज इंग्रजीत. तो भरताना माझीच शिकवणी झाली.

मार्चमध्ये ती गेली. पहिला व्हिडिओ कॉल थेट किनाऱ्यावरून. वारा असा, की अर्धं बोलणं तोच बोलत होता. तिने मोबाइल खाली फिरवला. रेतीचा कण नाही! सगळे गोल गोल गोटे, लांबच लांब. मे महिन्यात उल्हास नदीत असतात तसेच. त्यांच्यावर गोरी माणसं टॉवेल टाकून पडलेली, कुशीवर वळताना कण्हत होती.

"एवढे लाख घालून गोट्यांवरच बसायचं होतं," आई म्हणाली, "तर आपली नदी काय वाईट होती?"

तेवढ्यात एका पांढऱ्या पक्ष्याने झडप घातली आणि पोरीच्या हातातली बटाट्याची कापं पुडीसकट गेली. "माथेरानची माकडं बरी," मी म्हटलं. "ती निदान पाय लावून पळतात."

इंग्रजी सुधारतंय म्हणते. शाळेत तुर्की, ब्राझिली, जपानी पोरं आहेत आणि सगळी एकमेकांच्या चुका मन लावून शिकतात. खरी शिकवणी होते ती घरमालकिणीकडे. सत्तरीची बाई, एकटी, बोलायला कोणी नाही. पहिल्याच रविवारी पोरगी न्हाण्यापूर्वी डोक्याला तेल चोपडत बसली होती, तेव्हा बाई दारात उभी राहून बघत राहिली. पुढच्या रविवारी स्वतः खुर्ची घेऊन पुढ्यात येऊन बसली.

परवा कॉल लागला तेव्हा चंपी चालू होती. बाईंचे डोळे मिटलेले, खांद्यावर टॉवेल, गॅलरीत खोबरेलची बाटली. आईने इकडून हात हलवला. बाईंनी डोळे न उघडता एक बोट वर केलं आणि स्वच्छ कर्जती मराठीत म्हणाल्या, "जरा जोरात."