एकदाच वापरलेला

जुनी वस्तू विकायला काढलेला माणूस खोटं फारसं बोलत नाही, तो हळवा होतो. खोट्याशी घासाघीस करता येते. हळवेपणाशी कशी करणार?

मी लाकूडकामाचा हौशी माणूस. सोसायटीला माझ्याबद्दल एवढंच ठाऊक असल्यामुळे कुणाला करवत, रंधा, ड्रिल असलं काही विकायचं झालं की किमतीचा निवाडा करायला मला बोलावणं येतं. या खेपेला बोलावणं आलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांचं. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर पेटीसकट फेस्टूलचा डोमिनो.

डोमिनो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दोन फळ्या खिळ्याशिवाय जोडायच्या तर एकीत खाच पाडायची, दुसरीला कुसू काढायचा आणि दोन्ही एकमेकांत बसवायच्या. पटाशीनं हे नीट करायला वेळही लागतो आणि हातही लागतो. डोमिनोतला कटर स्वतःभोवती फिरता फिरता डावी-उजवीकडे हेलकावेही घेतो, त्यामुळे गोल भोकाऐवजी लांबट खाच पडते. दोन्ही फळ्यांत अशा खाचा पाडायच्या, मधे बीचच्या लाकडाचा तयार कुसू सरस लावून ठोकायचा, संपलं. एवढंसं 420 वॅटचं मशीन, वजन 3.2 किलो, आणि अमेरिकेत नव्याची किंमत हजार डॉलरच्या वर. कंपनी जर्मन, आल्बर्ट फेत्सर आणि गॉटलीब श्टोल या दोघांनी 1925 साली काढलेली. अमेरिकेत या कंपनीचा माल कुठल्याही दुकानात जवळपास एकाच भावानं मिळतो, सेल वगैरे भानगड फारशी नाही. नवा स्वस्तात मिळत नाही म्हणून जुनाही भाव टिकवून असतो. काकांचा सगळा आत्मविश्वास यावरच उभा होता.

"किती येतील रे?"

"तुमची अपेक्षा काय, काका?"

"निदान घेतला तेव्हाचे तरी. आज नवा घ्यायला गेलास तर बघ किती पडतो!"

आयकराचा हिशेब याच्या बरोबर उलटा चालतो. तिथे यंत्रसामग्रीवर दरवर्षी 15 टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या रकमेवर. म्हणजे शंभराच्या मशीनचे पाच वर्षांत चव्वेचाळीस उरतात. हे मी काकांना सांगितलं नाही. एवढ्या वर्षांचा शेजार आहे.

शिवाय काका एकटेच असे नाहीत. डॅनियल कानेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं 1990 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, निम्म्यांना दिले नाहीत, आणि मग खरेदी-विक्री करायला सांगितली. मग हातात येऊन काही मिनिटंच झालेली, तरी विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट निघाली. त्या मगांची तर खंडेनवमीला पूजाही झालेली नव्हती. काकांच्या डोमिनोची दरवर्षी झालेली. मोटरच्या जाळीत कुंकू साचलेलं, पेटीच्या कोपऱ्यात झेंडूची वाळकी पाकळी. खोली ठरवायच्या खाचा पाहिल्या: 12, 15, 20, 25, 28 मिलिमीटर. 15 च्या आकड्याशी थोडी घासल्याची खूण, बाकीचे आकडे कोरे करकरीत. पाच मिलिमीटरचा कटर चढवलेला, बाकीचे अजून वेष्टनात. या मशीनची वायर पिळून वेगळी काढता येते, त्यामुळे ती हटकून हरवते. इथे ती होती, रबरबँड लावून नीट गुंडाळलेली. पेटीतले कुसू मात्र ठाण्याची पावसाळी हवा पिऊन फुगले होते, एकही खाचेत जाईना. (ते वाळवता येतात. पण किमतीत त्यांना शून्य धरावं.)

बिलही होतं. काकांनी ते जपून लॅमिनेट करून घेतलं होतं. थर्मल कागद उष्णतेनं काळा पडतो, त्यामुळे प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये आता एक सुबक काळी पट्टी होती. "पण बिल आहे," काका म्हणाले. आहे खरं.

या मशीनची खरी अडचण मागच्या पाटीवर छापलेली होती: 120 व्होल्ट. मुलानं न्यू जर्सीहून आणलेलं. आपल्याकडे 230. म्हणजे मधे ट्रान्सफॉर्मर आला, आणि तो मशीनपेक्षा जड. तिकडे 60 हर्ट्झ, इकडे 50, हा फरक ब्रशच्या मोटरला बाधत नाही, पण व्होल्टेजचा बाधतो. घाईगर्दीत कुणी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलं की धूर. साइटवर घाई नसते असा दिवस मला अजून दिसायचाय. घेणारा त्या भीतीचेही पैसे कापून घेतो, आणि त्यात गैर काही नाही.

मी खात्रीसाठी आमच्या मिस्त्रींना बोलावून घेतलं. त्यांनी मशीन चालू केलं, कान जवळ नेला, बंद करून जाळीपाशी नाक नेलं. मग कटर बोटानं फिरवला.

"यानं काम केलेलं नाही, साहेब."

"तेच तर!" काका खुलले. "अगदी नव्यासारखा आहे."

"म्हणजे काय निघतंय त्यातून, ते अजून कुणाला कळलेलं नाही," मिस्त्री म्हणाले.

मला तेव्हापासून ही गंमत सुटत नाही. जुन्या बाजारात 'एकदाच वापरलेला' ही सगळ्यात मोठी तारीफ. एखादा सुतार 'एकदाच काम केलेला' म्हणून आला तर त्याला कुणी दारात उभं करील का? मिस्त्रींकडचं जुनं राउटर मशीन ओरखड्यांनी भरलेलं, वायरला चिकटपट्टी, कार्बन कितीदा बदललेत ते त्यांनाही आठवत नाही. त्यानं आपली किंमत कधीच कमावून दिली. विकायला काढलं तर भंगाराच्या भावात जाईल. आणि पूजेपलीकडे फारसं काही न केलेला काकांचा डोमिनो भाव खाणार! सुताराला मशीन विकताना दुःख होत नाही, त्याचे पैसे वसूल झालेले असतात. हौशी माणूस मशीनसोबत पुस्तकांचं कपाट, नातीचा पाळणा, गॅलरीतला झोपाळाही विकायला काढतो. त्यातलं काहीच तयार झालेलं नसतं, पण किंमत सगळ्याची लावलेली असते. काकांच्या हिशेबात झोपाळा नक्की होता. बोलता बोलता दोनदा गॅलरीकडे पाहिलं त्यांनी.

तर माझा निवाडा असा. 230 व्होल्टचा, वायर, पेटी आणि वाचता येणारं बिल असलेला डोमिनो नव्याच्या साठ-पासष्ट टक्क्यांना घ्यायला हरकत नाही. 120 व्होल्टचा असेल तर निम्म्याच्या वर एक रुपया देऊ नये, ट्रान्सफॉर्मर त्यातच. घेण्याआधी मशीन पाच मिनिटं चालवून पाहावं, आणि शक्य असेल तर स्वतःची फळी घेऊन जावं. ओरखड्यांना घाबरू नये. कोऱ्या आकड्यांना थोडं घाबरावं.

काकांना मी निम्मे सांगितले. ते "विचार करतो" म्हणाले आणि पेटी पुन्हा पलंगाखाली गेली. कुणाला हवा असेल तर मी ओळख करून देतो. फक्त "कशाला विकताय?" एवढं त्यांना विचारू नका, नाहीतर ते विकणार नाहीत.