दहा कोटींचा धनी

फॅन्टसी प्रीमियर लीग या फुटबॉलच्या ऑनलाइन खेळात दर ऑगस्टला माझ्या हाती १० कोटी पौंड येतात. त्यात १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे फार तर तीन. घरच्या किराण्याचा हिशेब कधी न जुळलेला मी इथे पाच लाख वाचवायला रात्रभर बचावपटू चाळतो.

कर्णधाराचे गुण दुप्पट होतात, म्हणून मी ज्याला कर्णधार करतो त्याचा स्नायू नेमका शनिवारी दुखावतो. चिडून जादा बदली केली की ४ गुण कापले जातात आणि हाकललेला गडी त्याच संध्याकाळी दोन गोल मारतो. बाकावरचा राखीव तर माझ्यावर सूड उगवायलाच खेळतो.

एवढ्या तपश्चर्येनंतर विजयी संघाचे गुपित कळले: मी न घेतलेले कोणतेही ११ जण.